खुडखुडणारा आरसा

पत्र आलं तेव्हा आमच्या आकाशदर्शन मंडळाच्या कपाटात तीन दुर्बिणी होत्या. एक सहा इंची, एक चार इंची, आणि तिसरी अशी की तिचं भिंग कधीतरी कोणीतरी पुसायला काढलं आणि उलटं बसवलं. तेव्हापासून ती फक्त मांडून ठेवायच्या कामाची. पत्र चार ओळींचं होतं. ‘माझ्याकडे सोळा इंची आरशाची दुर्बीण आहे. आरसा मी स्वतः घासलेला आहे. मला आता शिडी चढवत नाही. हवी असेल तर न्या, पण अख्खी न्या आणि उभी करा. सुटे भाग करून वाटणार असाल तर तसदी घेऊ नये.’

मी मंडळाची चिटणीस, त्यामुळे पत्रं वाचून दाखवणं माझ्याकडे. ‘सोळा इंची’ एवढं ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नाही. एकाने उठून फळ्यावर हिशेब मांडला: अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर, आरसा 406 मिलिमीटर, म्हणजे प्रकाश गोळा होणार नुसत्या डोळ्याच्या साधारण 3300 पट. आमच्या सहा इंचीच्या सातपट. तिचं वजन किती, ती कशावर उभी राहते, ती आत जाईल एवढं दार आपल्याकडे आहे का, हे प्रश्न त्या संध्याकाळी कोणाला पडले नाहीत. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. नका मोजू, पण गोठा तरी मोजावा!

दुर्बीण घडवणाऱ्या गृहस्थांना पहिल्याच भेटीत आम्ही काका म्हणायला लागलो. माणूस अतिशय कमी बोलणारा. दुर्बीण घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ताडपत्री ओढल्यावर आमच्यातला एक जण ‘अरे बापरे’ म्हणाला, तर काका म्हणाले, ‘अजून वजनं बघायचीत.’

रचना न्यूटनची. खाली अंतर्गोल आरसा, वरच्या तोंडाशी तिरका छोटा आरसा, आणि नळीच्या कुशीतून बाहेर डोळा लावायची जागा. न्यूटनने 1668 मध्ये केलेली पहिली अशी दुर्बीण टेबलावर मावत होती. काकांची नळी माणसापेक्षा उंच होती आणि ती पेलायला घरीच घडवलेला इक्वेटोरियल माउंट: एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला, त्याला काटकोनात दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या एका टोकाला नळी तर दुसऱ्या टोकाला लोखंडी चकत्यांची प्रतिवजनं. रंग उडालेला, पण हाताने ढकलला तर लोण्यासारखा फिरणारा.

आम्ही सहा जण पाने, पक्कड, चिकटपट्ट्या घेऊन गेलो होतो. कामाला लागलो आणि दहाव्या मिनिटाला आमचा एक उत्साही तरुण खाली वाकून प्रतिवजनाचा नट सैल करायला लागला. चकत्या हाताशी होत्या, तिथूनच सुरुवात करावी असं त्याला वाटलं. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या काकांचा आवाज चढला. ‘नळी आधी!’ मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘वजन काढलंस तर नळी तुझ्या डोक्यावर येईल.’ साठेक किलोची नळी त्या वजनांमुळेच तोललेली होती. ती काढली असती तर नळी झोकांडी खाऊन खाली आली असती, आणि खाली तोच होता. माझ्या वहीतली पहिली नोंद ही आहे: सोडवताना नळी आधी, वजनं शेवटी. जोडताना वजनं आधी, नळी शेवटी. आता ती वाक्यं आमच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली आहेत.

बाकीची सोडवणूक कंटाळवाणी होती आणि तशीच असायला हवी. प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक स्क्रू पिशवीत, प्रत्येक पिशवीवर आकडा, आकडा वहीत. पिशव्या झाल्या 41. मी तेव्हा काहींच्या चेष्टेचा विषय झाले होते. जोडणीच्या वेळी ‘ताई, तेवीस नंबरात काय आहे?’ असं विचारणारे तेच.

नळी आडवी ठेवल्यावर मागचा आरशाचा पाळणा काढला. काकांनी पहिल्यांदाच खुर्ची सोडली आणि जवळ येऊन उभे राहिले. पायरेक्स काचेची दोन इंच जाड तबकडी, वजन पंधरा किलोच्या आसपास. पृष्ठभाग मध्यभागी जेमतेम साडेपाच मिलिमीटर खोल. हा खोलगटपणा साधा गोलाकार असता तर काम पुष्कळ सोपं होतं, पण तारा एका बिंदूत यायचा तर तो पॅराबोलासारखा हवा, म्हणजे काठाकडे किंचित कमी वळलेला. एवढ्या आरशात या दोन आकारांमधला फरक काठाशी साधारण चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश, भरतो. माणसाचा केस याच्या पंधरावीस पट जाड असतो. काकांनी वही दाखवली. आरसा घासायला तेरा महिने लागले होते आणि त्यातले शेवटचे चार त्या चार मायक्रॉनसाठी. पानांवर नुसते आकडे. अंधाऱ्या खोलीत दिव्याचा बारीक ठिपका आरशावर टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशाला ब्लेडच्या धारेने कापायचं आणि आरशावर उमटणाऱ्या सावल्यांवरून उंचवटे-खड्डे ओळखायचे. फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑं फुकोने 1858 च्या सुमारास काढलेली ही चाचणी आजही घरी आरसा घासणाऱ्याचं मुख्य शस्त्र आहे. आजचा आकडा, दहा मिनिटं घासणं, आरसा थंड होईपर्यंत थांबणं, परत आकडा. असे चार महिने. मधे एका पानावर फक्त ‘आज हात लावला नाही’ असं लिहिलेलं होतं.

पाळणा उचलून नेताना आतून बारीक आवाज आला. खुडखुड. आमच्यातल्या यांत्रिकी कामवाल्याला सगळे दादा म्हणतात. दादांनी पाळणा किंचित कलता करून परत कान लावला. काठाशी आरसा अडवणाऱ्या तीन क्लिपा होत्या आणि आरसा त्यांच्याखाली केसभर हलत होता. दादा मला हळूच म्हणाले, ‘ढिल्या पडल्यात. वय झालं ना.’ वय क्लिपांचं की काकांचं, ते मी विचारलं नाही. वहीत लिहिलं: क्लिपा ढिल्या, बसवताना आवळणे.

आरसा गाडीच्या मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून आणला. त्यावर दुहेरी काळं कापड आणि झाकण. हे हौसेपोटी नव्हतं. एवढा अंतर्गोल आरसा उन्हात उघडा राहिला तर दुपारचं ऊन एका रुपयाएवढ्या ठिपक्यात आणून ठेवतो, आणि त्या ठिपक्यात काय येईल ते आपल्या हातात नसतं.

*

आता ‘उभी करा’ या दोन शब्दांची पाळी आली. मंडळात तट पडले. एक गट म्हणे गच्चीवर, क्षितिज मोकळं मिळेल. पण गच्चीचा स्लॅब माणूस चालला की हलतो, आणि दोनशेपट मोठं करून बघताना शेजाऱ्याने पाय बदलला तरी तारा उडी मारतो. दुसरा गट डॉब्सनवादी. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात संन्यासी होता, चोरून दुर्बिणी घडवायचा. पुढे मठ सुटला आणि त्याने रस्त्यावर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. त्याची बैठक म्हणजे प्लायवूडचा साधा खोका, नळी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने ढकलायची. त्या गटाचं म्हणणं, काकांचा लोखंडी माउंट राहू दे, खोका करू, महिन्याभरात बघायला सुरुवात.

मला मनातून तेच पटत होतं, कबूल करते. पण पत्रात ‘अख्खी’ असं लिहिलेलं होतं. शिवाय त्या माउंटची मोटर ताऱ्याबरोबर चालते. तीस जणांची रांग असताना दर अर्ध्या मिनिटाला नळी ढकलत बसावं लागत नाही. मतं मोजली. सरकत्या छपराची खोली, जमिनीवर, काकांचाच माउंट. एका मताच्या फरकाने.

पायासाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा. त्यातलं काँक्रीट सुमारे 2400 किलो. त्यावर जाड पोलादी नळकांडं, त्यात कोरडी वाळू ठासून, कारण पोकळ नळकांडं घंटेसारखं थरथरत राहतं आणि वाळू ती थरथर खाऊन टाकते. खोलीची फरशी या पायाला कुठेही शिवता कामा नये, म्हणून चहूबाजूंनी इंचभर फट. पाया बांधणाऱ्या गवंडीदादांना ही फट अजिबात पटली नाही. ‘ताई, भेग मुद्दाम ठेवायची?’ त्यांनी दोनदा सिमेंटने बुजवली, दोनदा आम्ही उकरली. शेवटी थर्मोकोलच्या पट्ट्या घालून दाखवल्या तेव्हा ते ‘तुमची मर्जी’ म्हणाले.

उत्तर दिशा शोधण्यात एक पूर्ण दिवस गेला. पहिल्यांदा होकायंत्र ठेवलं तर ते खड्ड्यातल्या गजांकडे वळलं. गज नसते तरी ते चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी उत्तर नव्हे. मग जुनी रीत. ओळंबा टांगायचा आणि सूर्य माथ्यावरच्या रेषेत येईल त्या क्षणी दोरीची सावली खुणेने पकडायची. तो क्षण घड्याळाच्या बाराला येत नाही. आपण घड्याळ लावतो ते प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताचं, गावाचं नव्हे, आणि शिवाय सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात तो 14 मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं पुढे. आम्ही ते फेब्रुवारीतच करत होतो. तिघांनी वेगवेगळा हिशेब केला, दोघांचा जुळला. रात्री दोन ओळंबे लावून त्यांच्या रेषेत ध्रुवतारा येतो का ते पाहिलं. आला. सगळे खूश.

आणि मग काँक्रीट ओतताना घोळ झाला. पायातून वर येणारे चार बोल्ट प्लायच्या साच्यात धरलेले होते. काँक्रीट गजाने खाली बसवताना साचा फिरला. कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सावलीची रेघ आणि बोल्टांची रेघ शेजारी शेजारी दिसली आणि पोटात गोळा आला. दोन अंशांचा फरक. दोन अंश काहीच नाही असं वाटत असेल, तर पौर्णिमेचे चार चंद्र एकाला एक चिकटवून पाहा. काकांच्या तळपट्टीची भोकं नेमक्या बोल्टाएवढी, फिरवायला जागाच नाही. पाया फोडायचा का, यावर अर्धा दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. शेवटी दादांनी मधे घालायला एक जाड पट्टी कापून आणली. तिच्यात गोल भोकांऐवजी वाकड्या लांबट खाचा होत्या, म्हणजे वरचा डोलारा दोन्ही बाजूंना थोडा फिरवता येईल. ती पट्टी पहिल्यापासून असायला हवी होती, असं मला वाटतं. पुढे बारीक दिशा जुळवताना तिचाच उपयोग झाला.

याच्या उलट, खांब अगदी ओळंब्यात आहे की नाही यावर आम्ही जो वेळ घालवला तो बहुतेक वाया. खांब थोडा कलला तरी बिघडत नाही. ध्रुवाकडे रोखायचा तो अक्ष, खांब नव्हे. पण पाणसळ हातात आली की माणसाला थांबवत नाही.

*

काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस द्यायचे असतात. त्या दिवसांत आम्ही आरसा धुतला. धुवायचा की नाही यावर आधी काकांना फोन. ‘नको,’ म्हणाले. मी वर्णन केलं: धूळ, एका बाजूला जाळीचे तंतू, कसलेतरी दोन डाग. बराच वेळ शांतता. मग त्यांनी एका दमात सगळी कृती सांगितली. मी त्यांना सलग एवढं बोलताना तेव्हाच ऐकलं.

घड्याळं, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. टबात तळाशी जाड टॉवेल. आधी नुसतं पाणी, वाहतं, पाच मिनिटं, म्हणजे वाळूचे कण असतील ते वाहून जातील. मग पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब. कापसाचा बोळा पाण्याखालीच आरशावर ठेवायचा आणि फक्त ओढायचा. दाबायचा नाही. बोळ्याचं जेवढं स्वतःचं वजन तेवढाच दाब. एक फराटा, बोळा फेकायचा, नवा घ्यायचा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि आरसा कडेवर उभा करून तसाच ठेवायचा. पुसायचा नाही.

हे काम माझ्याकडे आलं. माझा हात हलका आहे असं कारण दिलं गेलं. खरं कारण असं की दादांसकट कोणालाच ते करायचं नव्हतं. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. एक वाळूचा कण बोळ्यात अडकला तर तो रेघ ओढत जाणार. मी श्वास धरून पहिला फराटा ओढला. बोळा पाण्यातून वर काढला तर राखाडी झालेला. एकूण बोळे लागले 60 च्या वर. शेवटचं पाणी आरशावरून एकसंध पडद्यासारखं घसरत गेलं, मागे तीनचार थेंब राहिले, ते टिपकागदाच्या टोकाने टिपले. आरशात माझाच चेहरा एवढा मोठा आणि एवढा स्वच्छ दिसला की मी दचकून मागे सरकले.

धीर एका गोष्टीने आला होता, तीही काकांनीच सांगितली. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाच्या काळात आरसे धातूचे असत. 1781 मध्ये त्याने युरेनस शोधला तो असाच, स्वतः घासलेल्या सहा इंचांहून थोड्या मोठ्या आरशातून. धातू काळवंडला की परत घासायचा, आणि परत घासायचा म्हणजे कमावलेला आकार पुन्हा पणाला लावायचा. काचेवर थर चढवायची रीत आली आणि ती कटकट संपली. आकार काचेत राहतो, थर नुसता चकाकी देतो. तो खराब झाला तर उतरवून नवा चढवता येतो. तेरा महिन्यांना धक्का लागत नाही.

थराची तब्येत बघायला अंधारात आरशामागून दिवा धरला. काळ्या तबकडीत बारीक बारीक छिद्रं चमकली, कुठे दाट, कुठे विरळ. एक मुलगी म्हणाली, ‘यात शर्मिष्ठा आहे,’ आणि खरंच पाच ठिपक्यांचा तो वेडावाकडा एम सापडला. नवा थर चढवायचा तर आरसा निर्वात कक्ष असलेल्या ठिकाणी पाठवावा लागणार. आणखी दोन वर्षं चालेल असं ठरवून ते पुढे ढकललं.

मग दादांनी आरसा पाळण्यात ठेवला, नऊ टेकूंवर बसला ना ते पाहिलं, आणि माझ्या वहीतली नोंद वाचून तिन्ही क्लिपा आवळल्या. पाऊण पाऊण आटा. खुडखुड थांबली. मी नोंदीपुढे बरोबरची खूण केली.

नळी चढवण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हीच त्या दिवसाची कमाई. तिकाटण्याला चेनपुली, वजनं आधी, नळी शेवटी, एकच माणूस आज्ञा देणार, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. चाळीस मिनिटांत झालं. तोल मात्र अगदी बरोबर मध्यावर ठेवला नाही. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली, म्हणजे मोटरचे दाते कायम एकाच अंगाला टेकून राहतात आणि तारा मागेपुढे डुलत नाही. हा काकांच्या वहीतला शेरा.

ध्रुवाशी अक्ष जुळवायला तीन रात्री लागल्या. ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे. तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या ते पाऊण अंशाच्या दरम्यान आहे, चंद्रबिंबापेक्षाही थोडा जास्त. म्हणून शेवटची जुळणी ध्रुवतारा सोडून करावी लागते. दक्षिणोत्तर रेषेवर, खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेजवळचा) एक तारा आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, प्रकाशित फुलीवर धरायचा आणि मोटर चालू ठेवून बघत बसायचं. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग बोल्ट किंचित ढकला, परत फुली, परत पाच मिनिटं. तेच पूर्वेकडच्या ताऱ्यावर, आता अक्षाच्या उंचीसाठी. पहिल्या रात्री तारा दोन मिनिटांत पळाला. तिसऱ्या रात्री वीस मिनिटं फुलीवर बसून राहिला आणि शिडीवरच्या मुलाला डुलकी लागली.

*

आता खरं दुखणं. पहिल्या प्रकाशाच्या, म्हणजे दुर्बिणीतून पहिल्यांदा आकाश दाखवायच्या, रात्री आमंत्रितांना बोलवायच्या आधी आम्ही गुपचूप स्वातीवर नळी रोखली. एवढा मोठा, केशरी, देखणा तारा. फोकस जुळवला. तारा गोल येईना. बारीक होत होत त्याला तीन कोपरे फुटायचे. फोकस थोडा बाहेर काढला की बिंदूचा गोल पसरट डाग व्हायला हवा, एकात एक कड्यांचा. आमच्याकडे गुबगुबीत त्रिकोण होता. आत नेला की त्रिकोण उलटा.

दोन रात्री वाद झाला. एक म्हणे कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरशांची एका रेषेतली जुळणी, चुकलं. लेझर लावून, छोटा आरसा, मोठा आरसा, सगळं परत जुळवलं. त्रिकोण. दुसरा म्हणे आरसा अजून गरम आहे, नळीत हवा उकळतेय. पंखा लावून तीन तास थांबलो. नेटका त्रिकोण. तिसऱ्याने छोट्या आरशावर संशय घेतला. आणि मग, हळू आवाजात, जे सगळ्यांच्या मनात होतं ते कोणीतरी बोललं: आरसाच तसा घासलेला असेल तर? मला त्या वहीतले चार महिने आठवत होते. तरी मीही गप्प राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

सकाळी फोन मीच केला. कसं सांगावं ते कळेना म्हणून आडून आडून सुरुवात केली, काका, तारा जरा...

‘तीन कोपरे?’

‘हो.’

‘आरसा खुडखुडतो का?’

मी अभिमानाने सांगितलं, ‘नाही, आता अजिबात नाही. दादांनी क्लिपा आवळल्या.’

पलीकडे हसू आलं. काका हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ‘मग सैल करायला सांगा त्यांना. क्लिप आरसा धरायला नसते. नळी उलटी झाली तर पडू नये म्हणून असते. क्लिप आणि काच यांच्यात कागद घालायचा, कागद अडकेल इतपत आवळायचं आणि कागद ओढून काढायचा. राहते ती फट.’ मग थांबून म्हणाले, ‘तीन ठिकाणी दाबलंत, तीन कोपरे आले. आरसा बिचारा सांगत होता.’

दादांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. खिशातून वहीचं पान काढलं, तीन पट्ट्या फाडल्या आणि पाळणा उघडायला गेले. दोन इंच जाडीची काच बोटांनी आवळलेल्या स्क्रूने वाकते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. पाऊण आट्याने वाकलेली दिसली की वेगळं वाटतं. अर्थात ती वाकते ती मायक्रॉनच्या अंशाने, पण आरशाचा कारभार मुळात तेवढ्याच मापात चालतो. त्या रात्री स्वाती आधी डाग झाला, मग कडी, मग बिंदू. बिंदूतून छोट्या आरशाच्या चार काड्यांमुळे येणारे चार सरळ किरण निघाले. फोकसच्या अलीकडची कडी आणि पलीकडची कडी, दोन्ही सारख्या. दादा शिडीवरून उतरले आणि म्हणाले, ‘म्हाताऱ्याने घासलाय मात्र.’

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ढग.

मग आकाश उघडलं. शौरी तारकासमूहातला एम 13 हा तारकागुच्छ पहिला. 1714 मध्ये हॅलीला दिसला तो अंधुक ठिपका, आमच्या सहा इंचीत किंचित रवाळ कापूस. आता मध्यापर्यंत तारे सुटे दिसत होते, काही लाखांपैकी शेकडो तरी, आणि नजर जरा बाजूला नेली की आणखी उगवत होते. रांगेतला प्रत्येक जण शिडीवर नेमून दिल्यापेक्षा दुप्पट वेळ थांबत होता आणि मी खाली यादी धरून चिडत होते. नंतर सप्तर्षींच्या शेपटीखालची एम 51 ही दीर्घिका. हिच्या सर्पिल भुजा पहिल्यांदा पाहिल्या त्या लॉर्ड रॉसने 1845 मध्ये, 72 इंच व्यासाच्या आरशातून. आमच्या आरशाचा व्यास 16 इंच, पण नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं) बरोबर 72 इंच, एवढंच काय ते साम्य. भुजा मला लगेच दिसल्या नाहीत. दोन धूसर गाभे दिसले. पाच मिनिटं डोळा लावून ठेवला, तेव्हा मोठ्या गाभ्याभोवती काहीतरी वळतंय असं वाटलं, गेलं, परत आलं. चित्रातल्यासारखं काही नाही. तरी मी शिडीवरून उतरले नाही, आणि खाली यादी दुसऱ्याने धरली.

काकांना आणायला गाडी पाठवली ती महिन्यानंतर, भर दिवसा. रात्री नको म्हणाले, शिडी चढता येत नाही तर तिथे उभं राहून काय करू. छपर सरकवलं, नळीवरचं झाकण तसंच ठेवलं. त्यांनी आधी खांबाभोवतीच्या फटीत काठीचं टोक घालून पाहिलं. मधल्या पट्टीच्या खाचांकडे बराच वेळ बघितलं आणि दादांना विचारलं, ‘ही तुमची?’ दादा हो म्हणाले. ‘मला सुचायला हवं होतं,’ काका म्हणाले. मग त्यांनी नळी आडवी करायला सांगितली, मागच्या टोकाशी जाऊन पत्र्याला कान लावला आणि हाताने खूण केली. दादांनी नळी हळूच कलती केली.

खुडखुड.

काकांनी मान हलवली. नळीवरून एकदा हात फिरवला, मागे वळले आणि भिंतीला टेकलेल्या आमच्या शिडीची वरून दुसरी पायरी काठीने ठोकून पाहिली.

‘ही बदला,’ म्हणाले. ‘पोरं चढतात.’